स्वतंत्र प्राथमिक शाळेची उद्दिष्टे आणि तिचा अभ्यासक्रम यांचा मेळ कसा तपासावा?

प्रश्न
(विचारणारी : पहिलीत जाणाऱ्या मुलीची आई)

नमस्कार. आमची मुलगी येत्या वर्षी पहिलीत जाईल आणि तिच्यासाठी आम्ही एका लहान, स्वतंत्र प्राथमिक शाळेचा विचार करत आहोत. ही शाळा कोणत्याही मोठ्या संस्थेचा भाग नाही, सरकारी अनुदान घेत नाही आणि नेमलेली पाठ्यपुस्तके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवण्याची पद्धतही तिथे नाही. अभ्यासक्रम तिथल्या शिक्षकांनीच एकत्र बसून तयार केला आहे. शाळा पाहिली तेव्हा वातावरण मोकळे वाटले, मुले शिक्षिकांशी न बिचकता बोलत होती आणि मुख्याध्यापिकांनी आमच्या शंका शांतपणे ऐकून घेतल्या.

प्रवेशापूर्वी वाचण्यासाठी शाळेने आम्हाला दोन कागद दिले आहेत. एक शैक्षणिक उद्दिष्टांचा आणि दुसरा इयत्तावार अभ्यासक्रमाच्या रूपरेषेचा. उद्दिष्टांच्या कागदावर मुलांचे कुतूहल जागे ठेवणे, त्यांना स्वतंत्रपणे विचार करायला शिकवणे, इतरांबरोबर काम करण्याची सवय लावणे, आत्मविश्वास वाढवणे आणि एकूणच सर्वांगीण विकास साधणे, असे लिहिलेले आहे. यातल्या एकाही गोष्टीला कोणी पालक नाही म्हणणार नाही आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे, कारण जवळजवळ हेच शब्द मी इतर शाळांच्या माहितीपत्रकांतही वाचले आहेत आणि त्या शाळा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

रूपरेषेत भाषा आणि गणित यांना रोज वेळ आहे. विज्ञान, इतिहास आणि भूगोल हे विषय स्वतंत्रपणे दिसत नाहीत. ते ‘पाणी’, ‘घर’, ‘प्रवास’ अशा काही आठवडे चालणाऱ्या प्रकल्पांत मिसळलेले आहेत. चित्रकला, संगीत, हस्तकाम आणि मैदानी खेळ यांना पुरेशी जागा आहे. चौथीपर्यंत लेखी परीक्षा नाहीत आणि गुणही नाहीत. शिक्षिका प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक अहवाल लिहितात.

उद्दिष्टांचा कागद आणि रूपरेषेचा कागद यांच्यात खरोखर काही नाते आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे? प्रकल्पांतून शिकताना काही महत्त्वाचे भाग सुटून जातात का? आणि परीक्षा नसताना, मूल एखाद्या ठिकाणी अडकले आहे हे शाळेला वेळेवर कळते का? मला शाळेवर अविश्वास दाखवायचा नाही. तिथे मुलीला आनंद वाटेल, याची मला खात्री आहे. ती तिथे नीट शिकेल का, हे मला समजून घ्यायचे आहे.


उत्तर १
(प्राथमिक शिक्षिका, अभ्यासक्रम आखणीचे काम केलेले आहे)

आपला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बाकीचे दोन त्याच्याच पोटात येतात, म्हणून मी प्रामुख्याने त्यावरच लिहिते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमाच्या आखणीसाठी चार प्रश्न मांडले होते आणि आजही त्यांच्याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. शाळेला काय साधायचे आहे. त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे. ते अनुभव कोणत्या क्रमाने आणि कसे बांधायचे. आणि जे साधायचे होते ते साधले की नाही हे कसे ओळखायचे. आपल्या हातातल्या दोन कागदांपैकी पहिला कागद पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसरा दुसऱ्या प्रश्नाचे. तिसरा आणि चौथा प्रश्न मोकळाच राहिला आहे. आपल्याला जी पोकळी जाणवते आहे, ती तिथली आहे.

स्वतंत्र शाळेच्या बाबतीत तिसरा प्रश्न, म्हणजे क्रमाचा प्रश्न, विशेष महत्त्वाचा ठरतो. पाठ्यपुस्तक वापरणाऱ्या शाळेला कोणीतरी आधीच विचार करून लावलेला क्रम आयता मिळतो. तो क्रम उत्तम असतोच असे नाही, पण तो असतो. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवणाऱ्या शाळेने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलेले असते, त्यामुळे तिच्याकडे इतरांपेक्षा अधिक तपशीलवार लेखी आराखडा असायला हवा. स्वातंत्र्य आणि लेखी आराखडा यांचे वैर नाही, हे इंग्लंडमधल्या व्यवस्थेवरून दिसते. तिथल्या स्वतंत्र शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही. तरीही भाषा, गणित, विज्ञान, तंत्र, मानव व समाज, शारीरिक शिक्षण आणि कला यांचा अनुभव मुलांना मिळाला पाहिजे आणि शाळेचे अभ्यासक्रमविषयक धोरण, त्यामागच्या योजनांसह, लेखी स्वरूपात असले पाहिजे, अशी अट तिथल्या नियमांत आहे.

म्हणून मी आपल्या जागी असते तर संपूर्ण अभ्यासक्रम मागितला नसता. एकच धागा निवडून तो पहिलीपासून चौथीपर्यंत दाखवा, असे म्हटले असते. अपूर्णांक घ्या किंवा स्थानिक किंमत घ्या. पहिलीत मुले काय हाताळतात, दुसरीत त्याचे चित्र कसे काढतात, तिसरीत ते चिन्हांत कधी लिहितात आणि चौथीत तीच कल्पना अधिक कठीण रूपात पुन्हा कुठे भेटते, हे ज्या शाळेला पटकन सांगता येते, तिने क्रमाचा विचार केला आहे असे समजावे. वस्तू, चित्र आणि चिन्ह या तीन पायऱ्या आणि एकाच कल्पनेकडे वाढत्या खोलीने परत येणारा सर्पिल अभ्यासक्रम, या दोन्ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६०च्या दशकात मांडल्या आणि प्राथमिक गणितात त्यांचा उपयोग आजही पदोपदी होतो.

आता उद्दिष्टांविषयी. ‘स्वतंत्र विचार’ हे उद्दिष्ट शाळेत खरोखर राबते की नाही, हे मुलांच्या वह्या उघडल्यावर कळते. तिसरीच्या वर्गात हमखास दिसणारी एक चूक सांगते. मुलासमोर ४०२ वजा १७८ हे उदाहरण आहे आणि त्याने उत्तर ३७६ लिहिले आहे. ही चूक आळसाने झालेली नाही. मुलाने प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. त्याने एक नियम बनवला, तो इमानाने पाळला आणि तो नियम चुकीचा होता.

अशा ठिकाणी वहीत लाल फुली आणि बाजूला २२४ हे बरोबर उत्तर पाच वेळा लिहून घेतलेले दिसले, तर ‘स्वतंत्र विचार’ हा शब्द त्या वर्गापर्यंत पोहोचलेला नाही. पण त्याच जागी शिक्षिकेने “३७६ मध्ये १७८ मिळवून बघ, किती येतात?” एवढेच लिहिलेले असेल, खाली मुलाने बेरीज करून ५५४ आणलेले असेल आणि त्यानंतर शंभराचा एक गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक केल्याचे वेडेवाकडे चित्र असेल, तर त्या पानावर उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन अशा तिन्ही गोष्टी एकदमच पाहायला मिळतात. शाळेने मुलांची नावे झाकून एखाद्या वर्गाच्या दोन-तीन वह्या दाखवल्या, तर माहितीपत्रकापेक्षा त्यांतून पुष्कळ जास्त समजेल.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. ‘सहकार्य’ हे उद्दिष्ट असेल, तर गटात काम करण्यासाठी सलग मोठी तासिका कुठेतरी दिसली पाहिजे, कारण साहित्य मांडणे, कामे वाटून घेणे आणि आवरणे यांतच छोटी तासिका संपते. कला हे उद्दिष्ट असेल, तर कार्यक्रमाची तालीम आली की पहिल्यांदा कोणती तासिका बळी पडते, हे विचारून पाहावे.


उत्तर २
(विज्ञान शिक्षक)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. प्रकल्पांविषयी आपण जे विचारले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रकाराची भलावण आणि निंदा दोन्ही फार ढोबळपणे होत असतात.

प्रकल्पातून उत्तम शिक्षण होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक प्राथमिक शाळा सुरू केली. तिथे मुले विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक अशी कामे करत आणि त्या कामांच्या आधाराने विषय शिकत. वस्त्रांचा अभ्यास चालू असताना मुलांना कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस हाताळायला दिला गेला. एका गटाने अर्धा तास बसून बोंडातून आणि सरकीतून कापसाचे तंतू सोडवले, तेव्हा हाती एक औंससुद्धा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमसुद्धा, कापूस आला नाही. त्या मुलांचे पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरत, हे मुलांच्या बोटांनाच समजले. मग त्यांनी तंतूंची तुलना केली. लोकरीचे तंतू खरबरीत असल्याने एकमेकांना धरून राहतात आणि सहज कातले जातात, तर कापसाचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. सरकी काढण्याच्या यंत्राने एवढा मोठा फरक का पडला असेल, याचे उत्तर इथून पुढे अवघड राहत नाही. इतिहास, विज्ञान आणि अर्थव्यवहार एका कामात आले, पण ते ओढूनताणून आणलेले नव्हते.

हे साधले, कारण त्या अर्ध्या तासातून कोणती कल्पना बाहेर यायला हवी, हे शिकवणाऱ्याला आधी माहीत होते. जिथे हे माहीत नसते तिथे ‘पाणी’ या प्रकल्पात मुले काही आठवडे निळ्या रंगाचे तक्ते रंगवतात, पाणी वाचवा अशी घोषवाक्ये लिहितात, पालकांसमोर छान सादरीकरण होते, आणि डबक्यातले पाणी कुठे गेले असे विचारल्यावर निम्मी मुले ते जमिनीत जिरले म्हणून थांबतात. याउलट, फरशीवर सांडलेल्या पाण्याभोवती खडूने रेघ काढायची, थोड्या थोड्या वेळाने आतल्या बाजूला नवी रेघ काढत राहायचे आणि सावलीतल्या पाण्याबरोबर त्याची तुलना करायची, हा एका सकाळचा उद्योग मुलांना बाष्पीभवनाविषयी त्या तक्त्यांहून अधिक शिकवतो. फरशीत पाणी जिरत नाही, हे मुलांनीच बोलून दाखवले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्यामुळे शाळेला विचारावे की ‘पाणी’ या प्रकल्पाच्या शेवटी मुलांना कोणत्या चार-पाच कल्पना समजलेल्या असाव्यात असे ठरले आहे. उत्तरात फक्त उपक्रमांची यादी आली, तर सावध व्हावे.

प्रकल्पांमध्ये इतिहासाचे विशेष नुकसान होते, असे माझे मत आहे. ‘घर’ या विषयात मुले गुहा, किल्ला, झोपडी आणि उंच इमारत यांची चित्रे एकाच आठवड्यात पाहतात, पण त्यांच्यात किती काळाचे अंतर आहे याची जाण त्यांना येत नाही. चांगली शाळा अशा वेळी भिंतीवर एक लांब कालरेषा ठेवते आणि दर प्रकल्पात भेटलेली गोष्ट मुलांकडून तिच्यावर योग्य जागी लावून घेते. आपण पुन्हा शाळेत गेलात तर अशी पट्टी दिसते का, ते अवश्य पाहावे.

माहितीला कमी लेखण्याचा एक प्रवाह स्वतंत्र शाळांमध्ये आढळतो. माहिती कुठेही मिळते, आम्ही कौशल्ये शिकवतो, असे म्हटले जाते. मला हे धोक्याचे वाटते. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची चांगली माहिती असलेली मुले, वाचनात हुशार पण तो खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा मजकूर कितीतरी चांगला समजून घेऊ शकली. वाचलेले समजणे हे वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे यावर फार अवलंबून असते. म्हणून पहिली-दुसरीतच प्राणी, नद्या, दूरचे देश, जुने काळ यांविषयी भरपूर ऐकायला आणि बोलायला मिळणे हे भाषेच्या अभ्यासक्रमाचेच काम आहे. कुतूहलालाही खाद्य लागते. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही, त्याविषयी मुलाला प्रश्न पडत नाहीत.


उत्तर ३
(पालक, मुलगा अशाच एका शाळेतून पुढे माध्यमिक शाळेत गेला)

गुण आणि परीक्षा यांविषयी पालक म्हणून लिहितो.

गुण नसण्याला माझा विरोध नाही. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त गुण दिले गेले, काहींना फक्त लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेल्या मुलांना अभिप्रायाचा तसा लाभ झाला नाही. गुण दिसले की मूल अभिप्राय वाचत नाही, हे घरोघरच्या पालकांना पटेल. मात्र या प्रयोगातला अभिप्राय कामाविषयी होता. काय जमले आणि पुढे काय करून पाहावे, हे त्यात होते. ‘मन लावून काम करतो, सर्वांशी मिळून मिसळून वागतो’ हे स्वभाववर्णन झाले, त्याला शैक्षणिक अभिप्राय म्हणता येत नाही.

हे मी अनुभवातून सांगतो. आमच्या मुलाच्या अहवालात पहिल्या दोन्ही इयत्तांमध्ये ‘पुस्तकांची आवड आहे’ असे लिहून येत असे आणि ते खरेही होते. तो पुस्तक हातात घेऊन भराभर ‘वाचत’ असे. एकदा त्याच्या आजीने गोष्ट ऐकताना सहज पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि तो थांबला. पहिले अक्षर आणि चित्र यांवरून तो शब्दांचा अंदाज करत होता. जोडाक्षर आले की त्याच्या आकाराचा ओळखीचा शब्द ठोकून देत होता. शिक्षिका प्रेमळ होत्या, वर्ग लहान होता, तरीही हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण प्रत्येक मुलाकडून चित्र नसलेला अनोळखी मजकूर ठरावीक काळाने मोठ्याने वाचून घ्यायचा, एवढी साधी गोष्ट शाळेच्या योजनेत नव्हती. लक्षात आणून दिल्यावर शिक्षिकांनी रोज थोडा वेळ त्याला शेजारी बसवून वाचून घेतले आणि तो काही महिन्यांत सावरला. ज्या मुलांच्या घरी कोणी शेजारी बसून ऐकत नाही, त्यांचे काय होत असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हा परीक्षा नाहीत हे ठीक आहे. वाचन, लेखन आणि संख्या या तीन बाबतींत शिक्षिका प्रत्येक मुलाची नोंद कधी आणि कशी ठेवतात आणि नोंदीत अडचण दिसली की त्याच आठवड्यात काय केले जाते, हे विचारून घ्यावे. पुढच्या शाळेत रुळायला आमच्या मुलाला फारसा त्रास झाला नाही. ठरलेल्या वेळेत लिहून पूर्ण करण्याची सवय नव्हती, ती पहिल्या सहामाहीत लागली.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. वह्या, एखादा धागा आणि वाचनाच्या नोंदी या तीन गोष्टी घेऊन मी मुख्याध्यापिकांना भेटणार आहे. एक संकोच आहे. शाळा लहान आहे, शिक्षिका मोजक्या आहेत आणि मी तपासणीला आल्यासारखी वागले तर त्यांना ते लागेल, असे वाटते. शिवाय एवढे सगळे लिहून ठेवायला त्यांच्याकडे वेळ असेल का?


उत्तर १ देणाऱ्या शिक्षिका

आपला संकोच समजू शकते, पण ज्या शिक्षिकांनी स्वतः अभ्यासक्रम बांधला आहे, त्यांना त्याविषयी कोणी बारकाईने विचारले तर सहसा आनंदच होतो. ‘हे का नाही?’ असे न विचारता ‘मागच्या वर्षी यातले काय बदलले आणि का बदलले?’ असे विचारून पाहा. जिवंत अभ्यासक्रमात दरवर्षी काहीतरी बदलते, आणि बदलाचे कारण सांगताना शिक्षिका आपोआप मुलांच्या वह्यांविषयी आणि अडचणींविषयी बोलू लागतात. ‘प्रवास’ हा प्रकल्प तिसरीतून चौथीत नेला, कारण नकाशावरचे प्रमाण समजायला मुलांना आधी मोजमाप यावे लागते, अशा धर्तीचे उत्तर मिळाले तर आपण योग्य ठिकाणी आला आहात.

वेळेचा आपला मुद्दा खरा आहे आणि लहान शाळेची खरी जोखीमही तिथेच असते. अभ्यासक्रम लिहिलेला नसला की तो एखाद्या अनुभवी शिक्षिकेच्या डोक्यात राहतो आणि त्या शाळा सोडून गेल्या की त्यांच्याबरोबर जातो. दुसरीच्या नव्या शिक्षिकेला पहिलीत काय झाले हे माहीत नसते, मग मुले पाण्याचा प्रकल्प दोनदा करतात आणि वजनमाप एकदाही करत नाहीत. त्यामुळे भेटीत एवढे जरूर विचारा की नवीन शिक्षिका रुजू होतात, तेव्हा त्यांच्या हातात पहिल्या दिवशी कोणते कागद दिले जातात आणि पहिल्या सहामाहीत त्यांच्यासोबत बसून नियोजन कोण करते. तो कागद दोन पानांचा असला, हाताने लिहिलेला असला आणि त्यावर खाडाखोड असली तरी चालेल.